घड्याळाने न मोजलेले गुण

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’द्वारे महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात. आदल्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाकडे सामान्यतः पहिली निवड असते. तत्पूर्वी इंडियानापोलिस येथे निमंत्रित खेळाडूंची उंची, वजन, उडी व चाळीस यार्डांची धाव काटेकोरपणे मोजली जाते; वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीही होतात.

२००० साली मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीने ही धाव ५.२८ सेकंदांत पूर्ण केली. हा वेग संथच होता. चढाईची सूत्रे सांभाळणारे सहा क्वार्टरबॅक त्याच्याआधी निवडले गेले. त्याचा क्रमांक लागला १९९ वा. पुढे त्याच ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले.

वास्तविक, पुरावा समोरच होता. त्याच वर्षी १ जानेवारीला ऑरेंज बोलमध्ये दोनदा १४ गुणांनी मागे पडूनही त्याने अलाबामाविरुद्ध ३५-३४ असा विजय खेचून आणला होता. दडपणाखालील निर्णयशक्ती घड्याळाने मोजता येत नाही. ती पूर्वकामगिरीतच शोधावी लागते.

कर्जप्रस्तावाची छाननी करतानाही ताळेबंदाइतकेच अर्जदाराच्या पूर्वव्यवहाराला महत्त्व दिले जाते, ते याचसाठी.