भाड्याचे बंगले आणि गावची विहीर

अलिबाग तालुक्यातील आवास, किहीम, आक्षी, नागाव ही किनाऱ्यावरील गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो नौकासेवा सुरू झाली आणि मुंबई अधिकच जवळ आली. तरणतलाव असलेले आलिशान बंगले येथे सुटीपुरते भाड्याने दिले जातात. स्वयंपाक, बागकाम, देखरेख या कामांतून स्थानिकांना रोजगारही मिळतो. मात्र या व्यवसायाची सारी भिस्त जमिनीखालील गोड्या पाण्यावर आहे.

किनाऱ्यालगत सच्छिद्र जमिनीत गोडे पाणी जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्रीय आडाख्यानुसार, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल तर त्याचा थर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. त्यामुळे अतिउपशाने पातळी थोडी खालावली तरी खारे पाणी बरेच वर सरकते व विहिरी मचूळ होतात.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद व दीड मीटर खोल तरणतलावात ७५ हजार लिटर पाणी मावते. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणानुसार ती १,३०० हून अधिक ग्रामस्थांची एका दिवसाची गरज होय.

यास्तव ग्रामपंचायतींनी अशा बंगल्यांची नोंद ठेवावी व छपरावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचा आग्रह धरावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींची पातळी मोजण्याचे काम शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थीही करू शकतील. विहिरी गोड राहिल्या तरच वाड्या टिकतील आणि पाहुण्यांचे येणेही चालू राहील.