लडाख वेगळे झाले, पण अधिकार कुणाला मिळाले?

काश्मीरपासून वेगळे होण्याची मागणी लेहच्या बौद्धांनी अनेक दशके लावून धरली. १९८९ मध्ये लडाख बौद्ध संघटनेने केंद्रशासित दर्जासाठी मोठे आंदोलन केले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तो दर्जा मिळाला. मग तेच लोक पुन्हा आंदोलनात का उतरले? त्यासाठी आधी प्रक्रिया समजून घेऊ.

संविधानाच्या कलम ३ नुसार राज्याचा भाग वेगळा करण्याचा अधिकार संसदेला आहे. राष्ट्रपती विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात. पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. साध्या बहुमताने कायदा होतो. सार्वमताची अट नाही.

जम्मू-काश्मीरची विधानसभा नोव्हेंबर २०१८ मध्येच बरखास्त झाली होती. राष्ट्रपती राजवटीत तिच्या वतीने संसदेनेच मत दिले आणि ५ व ६ ऑगस्ट २०१९ या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी पुनर्रचना विधेयक मंजूर केले. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळे करणे वैध ठरवले.

खरा मुद्दा पुढे आहे. जम्मू-काश्मीरला विधानसभा ठेवली, लडाखला दिली नाही. पूर्वी लडाखचे चार आमदार होते. आता एक खासदार आणि केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल. लेह व कारगिलच्या पर्वतीय विकास परिषदा आहेत, पण त्यांना कायदे करता येत नाहीत. जमीन आणि नोकऱ्यांचे जुने संरक्षणही गेले. म्हणून राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीची मागणी पुढे आली. ईशान्येतील आदिवासी भागांत या अनुसूचीनुसार स्वायत्त परिषदा जमीन, जंगल यांबाबत कायदे करतात. २०१९ मध्ये विभाजनाला विरोध करणारे कारगिलचे मुस्लिम आणि विभाजन मागणारे लेहचे बौद्ध आज या मागणीसाठी एकत्र आहेत. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि चार जणांचा जीव गेला.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा जनतेने ती नाकारली. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनही सामील झाले.

नकाशावर रेषा ओढली म्हणजे स्वराज्य मिळाले असे नाही. बाबासाहेबांनी राजकीय सत्तेवर एवढा भर का दिला, हे लडाखकडे पाहून कळते. वेगळेपण मागताना कायदे कोण करणार, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.