यंत्रनगरीची वाट : ‘मशिनेरियम’ हा खेळ कसा खेळावा

संगणकावरील खेळ म्हटला की पालकांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते. मुलगा खुर्चीच्या टोकावर बसला आहे, बोटे वेगाने चालली आहेत, पडद्यावर गोळ्या सुटत आहेत, आणि जेवावयास हाक मारली तर ‘आलोच’ एवढेच उत्तर तीनदा मिळत आहे. या चित्रात खोटे काही नाही. परंतु खेळांच्या या मोठ्या कुळात एक शाखा अशी आहे की तीत बोटांच्या चपळाईला फारशी किंमत नाही, घाई केल्याने काही साधत नाही, आणि तासभर नुसते पाहत बसले तरी कोणी येऊन मारीत नाही. या शाखेतील एका खेळाची ओळख, तो कसा खेळावा या माहितीसह, विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

या शाखेस इंग्रजीत ‘पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर’ म्हणतात. आपण तिला ‘दाखवा आणि टिचकी मारा’ अशा रीतीचे साहसखेळ म्हणू. तिचा मूळपुरुष चित्रांचा नव्हताच. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील विल क्राउथर या गृहस्थाने केंटकी प्रांतातील प्रचंड गुहांच्या आधाराने एक खेळ रचला. त्यात पडद्यावर केवळ मजकूर उमटे, आणि ‘दिवा घे’, ‘उत्तरेस जा’ अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा खेळणाराने लिहावयाच्या असत. पुढे १९८० साली अशा खेळांत चित्रे आली. त्यानंतरच्या काही वर्षांत माऊस हे साधन सर्वत्र झाले आणि आज्ञा लिहिण्याचे कारणच उरले नाही. हवी ती वस्तू बाणाने दाखवावी आणि टिचकी मारावी, की काम झाले. कथेचा गाभा मात्र तोच राहिला. एक जागा, तीत काही वस्तू, काही अडथळा, आणि त्या वस्तूंच्या योगाने तो अडथळा दूर करण्याची युक्ती.

‘मशिनेरियम’ हा खेळ २००९ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. तो झेक प्रजासत्ताकातील ब्रनो या नगरीच्या अमानिता डिझाइन या छोट्या मंडळीने केला. मंडळीचा प्रमुख याकुब द्वोर्स्की. अवघ्या सात जणांनी सुमारे तीन वर्षे खपून तो सिद्धीस नेला, आणि त्याचे प्रत्येक दृश्य हाताने रेखाटले. गंजलेले पत्रे, वाकलेले नळ, तेलाचे ओघळ, तारांची जाळी हे सारे इतक्या प्रेमाने काढलेले आहे की चित्रकलेच्या वर्गातील मुलांनी खेळ न खेळता नुसती दृश्ये पाहिली तरी त्यांस लाभ होईल.

कथा यंत्रमानवांच्या नगरीची आहे. तीत मनुष्य एकही नाही. नायक योसेफ हा बुटका, डब्यासारख्या अंगाचा यंत्रमानव असून त्याला प्रारंभीच नगराबाहेरच्या भंगाराच्या ढिगावर फेकून दिलेले आहे. काळ्या टोप्या घालणाऱ्या गुंडांच्या एका टोळीने शहराचा एक मनोरा स्फोटाने उडविण्याचा कट केला आहे, आणि योसेफची सखी बर्टा हिला कोंडून स्वयंपाकघरात राबविले आहे. योसेफला परत शहरात शिरून हे सारे निस्तरावयाचे आहे. नायकाच्या नावात एक खुबी आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या एका नाटकाने दिला. पण तो शब्द त्याला सुचविला त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. त्या योसेफच्या स्मरणार्थ खेळाच्या कर्त्यांनी आपल्या नायकाचे नाव ठेविले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी नेमका हाच खेळ निवडण्याचे मुख्य कारण हे की यात संभाषणाचा एकही शब्द नाही. पात्रे बोलतात ती डोक्यावर उमटणाऱ्या फुग्यांतून, आणि त्या फुग्यांत अक्षरांच्या जागी हलती चित्रे असतात. एखाद्याला काय हवे, त्याचे काय हरवले, त्याला पूर्वी कोणी छळले, हे सर्व चित्रांनीच कळते. इंग्रजीच्या तासाला ज्याची जीभ अडखळते तो मुलगा आणि लंडनचा मुलगा हे दोघे या खेळापुढे सारखेच बसतात.

आता खेळण्याची रीत. पडद्यावरील बाण हा खेळणाराचा हात होय. जमिनीवर टिचकी मारली की योसेफ तेथवर चालत जातो, वस्तूवर मारली की ती उचलतो किंवा हलवितो. उचललेली वस्तू तो आपल्या पोटात टाकतो. त्याचे अंग हीच त्याची पिशवी! बाण पडद्याच्या वरच्या कडेस नेला की या पिशवीतील वस्तू ओळीने दिसतात. तेथून एखादी उचलून दृश्यातील वस्तूवर वापरता येते, किंवा पिशवीतलीच एक वस्तू दुसरीवर ठेवून दोहोंची एक करता येते. खेळाच्या आरंभी योसेफचे अवयव विखुरलेले असतात. त्यांतला एक परत मिळविण्यास दोरीला लोहचुंबक बांधावा लागतो. जोडणीचा पहिला धडा तो हाच.

नवशिक्यांची फसगत होते ती एका नियमापायी, म्हणून तो नीट ध्यानात घ्यावा. इतर पुष्कळ खेळांत दृश्यातील कोणत्याही वस्तूवर टिचकी मारली की नायक धावत तिकडे जातो. येथे तसे नाही. योसेफचा हात जेथवर पोहोचतो तेवढ्याच वस्तू जाग्या असतात, बाकीच्या निर्जीव. दुरून बाण फिरविला तर त्याचा आकार बदलत नाही, आणि मुलास वाटते की येथे काही नाही. जवळ जाऊन तोच बाण तेथेच फिरविला की वस्तू जागी होते. भरीस भर म्हणजे योसेफला आपले अंग लांब व आखूड करता येते. त्याच्यावर बाण धरून वर ओढले की तो बांबूसारखा उंच होतो, खाली ओढले की डब्यासारखा बसका होतो. तेव्हा प्रत्येक जागी तीनदा तपास करावा लागतो : उभ्याने, उंच होऊन आणि बसून. शुभवर्तमानात नाणे हरवलेल्या स्त्रीने दिवा लावून घर झाडले व कोपरान् कोपरा धुंडाळला, तशा रीतीने दृश्य धुंडाळावे. वरवर पाहून ‘सर, अडलो’ म्हणणाऱ्यांना येथे थारा नाही.

एक उदाहरण संपूर्ण सोडवून दाखवितो; तेवढ्यावरून विचाराची दिशा कळेल. भंगारातून बाहेर पडलेला योसेफ नगराच्या वेशीशी येतो. मध्ये खोल खंदक, पूल उचललेला, आणि पलीकडे पहारेकरी. सरळ विनंती केली तर पहारेकरी दाद देत नाही. येथे मुले दोन चुका करतात. काहीजण पहारेकऱ्यावरच पुनःपुन्हा टिचक्या मारीत राहतात, जणू कंटाळून तो पूल सोडील. काहीजण मिळेल ती वस्तू मिळेल तेथे घासून पाहतात. या दोहोंतही विचार नाही. प्रथम प्रश्न करावा की हा पूल कोणासाठी उतरतो? या शहरात पोलिसाला वाट मिळते. मग पोलीस ओळखतात कशावरून? निळ्या निमुळत्या टोपीवरून आणि टोपीच्या टोकावरील दिव्यावरून. एवढे मनाशी ठरले की दृष्टीच बदलते. मघापर्यंत केरकचरा वाटणारा रस्त्याच्या कामाचा निमुळता सुळका आता टोपी दिसू लागतो, डब्यातला रंग केवळ रंग न राहता निळा रंग होतो, आणि खांबावरचा दिवा केवळ उजेडापुरता उरत नाही. सुळका रंगात बुडवावा, वर दिवा बसवावा, डोक्यावर चढवावा. पूल खाली येतो. आग्र्याहून सुटकेची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना वेषांतराची युक्ती सुचण्यास वस्तुतः इतका वेळ लागू नये, पण लागतो खरा.

उत्तराकडून मागे येण्याची ही पद्धत भूमितीच्या विद्यार्थ्यांस नवी नाही. काय सिद्ध करावयाचे आहे ते आधी पाहून, त्यासाठी काय हवे, आणि त्यासाठी आणखी काय हवे, असे एकेक पायरीने दिलेल्या गोष्टींपर्यंत उतरावयाचे, हीच ती पद्धत. जवळ एक कोरी वही ठेवावी, दृश्याचा कच्चा आराखडा काढावा, आणि कोणाला काय हवे आहे ते नोंदवावे. शहर मोठे आहे. एका चौकात मिळालेली वस्तू तीन चौक ओलांडून कामास येते. रस्त्यावर वाजविणाऱ्या तिघांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करावयाची असतात, तेव्हा या वहीची किंमत कळते.

आणि अडलेच तर काय करावे? येथे कर्त्यांनी जी योजना केली आहे ती आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली. मदत दोन प्रकारची आहे. एक दिव्याचे चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारली की योसेफच्या डोक्यावर एक फुगा येऊन या दृश्यात काय साधावयाचे ते दाखवितो. कसे साधावयाचे ते नाही. आणि ही मदत प्रत्येक दृश्यात एकदाच. दुसरी मदत म्हणजे एक पुस्तक. त्यात त्या दृश्याचे संपूर्ण उत्तर चित्रांनी काढलेले असते. परंतु पुस्तकाला कुलूप आहे, आणि ते उघडण्यासाठी एक वेगळाच छोटा, मुद्दाम कंटाळवाणा केलेला खेळ खेळावा लागतो. एक किल्ली उडत निघते, वाटेत कोळी येतात, त्यांना टिपीत टिपीत किल्ली कुलपापर्यंत न्यावी. पुढच्या दृश्यात उत्तर हवे असेल तर पुनः तेच कोळी.

गेली अनेक वर्षे आम्ही वर्गात गाईडांशी झगडत आलो आहो. उदाहरण फळ्यावर लिहून होत नाही तोच बाकाखाली पाने फडफडू लागतात, आणि उत्तर वहीत येते ते डोक्यात न शिरता. गाईड वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. दोन दिवस झटूनही न सुटलेले उदाहरण त्यात पाहिले तर त्याचे मर्म जन्मभर विसरत नाही. त्याचे वाईट एवढेच की ते फुकट आणि ताबडतोब मिळते. झेक कर्त्यांनी उत्तर नाकारले नाही, त्याला थोडे मोल लाविले, आणि त्या मोलामुळे शंभरांतील निदान चाळीस मुले ‘कोळी नकोत, आणखी पाच मिनिटे पाहतो’ असे म्हणतील, असा आमचा कयास आहे. आमच्या मते ते मोलही कमीच आहे. परंतु आता या खेळाची समग्र उत्तरे इंटरनेटवर उघडी पडलेली आहेत. तेथे एकही कोळी मारावा लागत नाही. ती पाहून खेळ पुरा करणारा मुलगा संध्याकाळी योसेफला बर्टाची भेट घडवून देतो खरा, पण ती भेट त्याने घडविलेली नसते, आणि हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते. आमची सूचना अशी की एखादे दृश्य सुटले नाही तर संगणक बंद करून निजावे. कामातून डोके काढले की दुसऱ्या दिवशी वाट दिसते, हा अनुभव पुष्कळांना आहे. खेळ जेथे सोडला तेथील नोंद जतन करता येते, म्हणून काही हरवत नाही.

पालकांसाठी दोन-तीन गोष्टी सांगणे जरूर आहे. खेळात रक्तपात नाही, आणि नायक मरत नाही. मात्र तुरुंगाच्या प्रसंगी सोबतच्या कैद्यास धुराची तलफ येते आणि योसेफ त्याला विडीसारखे काही वळून देतो. लहानांबरोबर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तेथे काय बोलावे हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसरे, हा खेळ विकत घ्यावा. २०१० साली कर्त्यांनी जाहीर केले की खेळणारांपैकी बहुतेकांनी एक छदामही दिला नसावा असा त्यांचा अंदाज आहे. न रागावता त्यांनी काही दिवस वीस डॉलरांचा खेळ पाचांना देऊ केला, आणि चोरून घेतलेल्यांनी आता तरी विकत घ्यावा अशी विनंती केली. सात माणसांचे तीन वर्षांचे श्रम फुकट उतरवून घेणे आणि शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे उतरविणे यांत आम्हांस फरक दिसत नाही. तिसरे, शक्य तर मुलाला एकट्याला बसवू नये. दोघा भावंडांनी किंवा आजोबा-नातवाने मिळून खेळावे. वडील माणसे वस्तू चटकन ओळखतात, मुले भलत्याच जागी भलतीच वस्तू वापरून पाहण्यास भीत नाहीत, आणि या खेळाला दोन्ही लागतात.

वाटेत काही निव्वळ बुद्धीचे डाव येतात. त्यांतल्या एकापाशी पुष्कळजण अडून बसतात, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. पानगृहात एक यंत्रमानव चौकटींच्या पटावर खेळावयास बसलेला असतो. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवावयाची; उभ्या, आडव्या किंवा तिरक्या ओळीत ज्याच्या पाच सोंगट्या आधी लागतील तो जिंकला. येथे केवळ आपलीच ओळ वाढवीत गेले तर हार ठरलेली. प्रतिपक्षाच्या तीन सोंगट्या लागोपाठ आल्या आणि दोन्ही टोके मोकळी असली, की तत्क्षणी एक टोक बंद करावे. त्या चार झाल्या आणि टोके तशीच राहिली, तर एका खेळीत दोन्ही बुजविता येत नाहीत. आपण मात्र अशी जागा शोधावी की एकाच सोंगटीने दोन निरनिराळ्या ओळी एकदम धोक्याच्या होतील. गणिताच्या चौकटीच्या वहीवर, पेन्सिलीने फुल्या आणि गोळे मांडून, हा डाव घरी दहा-वीस वेळा खेळून पाहावा, आणि मग त्या यंत्रमानवासमोर बसावे.