हार्वे मिल्क : पद, प्रभाग आणि चरित्रकथा

अमेरिकेतील ‘काउंटी सुपरवायझर’ या पदनामाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘पर्यवेक्षक’ म्हटले की शाळेत वा कारखान्यात देखरेख करणारा पगारी कर्मचारी डोळ्यांसमोर येतो. ‘नगरसेवक’ म्हटले तर काउंटी या जिल्हासदृश घटकाचा बोध हरवतो, आणि ‘जिल्हा परिषद सदस्य’ म्हटले तर ग्रामीण संदर्भ अकारण चिकटतो. कॅलिफोर्निया राज्यात ५८ काउंट्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींत पाच निर्वाचित सुपरवायझरांचे मंडळ अर्थसंकल्प, जमीनवापर, आरोग्य व समाजकल्याण यांविषयी निर्णय घेते आणि त्यांच्या अंमलबजावणीचीही जबाबदारी वाहते. सॅन फ्रान्सिस्को हा याला अपवाद आहे. तेथे १८५६ पासून शहर व काउंटी एकच आहेत. त्यामुळे अकरा सुपरवायझरांचे मंडळ नियम करते आणि महापौर हा कार्यकारी प्रमुख असतो. उमेदवार पक्षाच्या नावाविना उभे राहतात. हार्वे मिल्क (१९३०–१९७८) यांनी जेमतेम अकरा महिने भूषविलेले पद ते हेच.

मिल्क यांच्यावरील साहित्यकृती व कलाकृतींची परंपरा विपुल आहे. रँडी शिल्ट्स यांचे चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉब एपस्टीन यांचा अनुबोधपट १९८४ चा, स्ट्युअर्ट वॉलेस यांचा ऑपेरा १९९५ चा, तर गस व्हॅन सँट यांचा चित्रपट २००८ चा. या परंपरेच्या कथनरचनेत एक सातत्य दिसते. अनुबोधपटाचा प्रारंभच हत्येच्या अधिकृत घोषणेने होतो. आपली हत्या होऊ शकते हे ओळखून मिल्क यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले निवेदन ही २००८ च्या चित्रपटाची चौकट आहे. मृत्यू आरंभीच ज्ञात असल्याने चरित्रातील प्रत्येक घटना त्या मृत्यूकडे जाणारी पायरी ठरते आणि नायकाला हुतात्म्याचे रूप प्राप्त होते. शिल्ट्स यांनी नगरराजकारणाचा तपशील विस्ताराने दिला आहे. परंतु माध्यमांतरात कथानक जसजसे आटोपशीर होते, तसतसा तो मागे सरतो. या नायकाला सभागृहात आणणारे कारण मात्र त्याच तपशिलात आहे.

मिल्क यांची पार्श्वभूमी क्रांतिकारकाची नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील वुडमिअर येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणित हा मुख्य विषय घेऊन १९५१ मध्ये ते पदवीधर झाले, नौदलात राहिले, शाळेत शिकवले आणि पुढे वॉल स्ट्रीटवरील वित्तसंस्थांत नोकरी केली. १९६४ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांचा प्रचारही केला होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले आणि कॅस्ट्रो मार्गावर त्यांनी कॅमेऱ्यांचे दुकान थाटले. मुख्यतः आयरिश वंशाच्या कॅथलिक श्रमिकांची ही वस्ती त्या काळात समलिंगी रहिवाशांची वस्ती बनत होती. त्यांच्या राजकारणप्रवेशाची म्हणून सांगितली जाणारी कारणेही दैनंदिन आहेत : राज्य शासनाने दुकानदाराकडे मागितलेली कराची १०० डॉलरची अनामत आणि शाळेत चालू स्थितीतील प्रक्षेपक नसल्याने तो उसना मागायला आलेली एक शिक्षिका. वॉटरगेट चौकशीचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण याच सुमाराचे.

१९७३ मधील पहिल्या निवडणुकीत ३२ उमेदवारांत मिल्क दहावे आले. त्या वेळी प्रत्येक सुपरवायझर संपूर्ण शहरातून निवडला जाई. अशा पद्धतीत प्रचाराला मोठा पैसा लागतो, आणि व्यापारी केंद्रातील उद्योजक, जमीन-विकासक व वृत्तपत्रे यांचा पाठिंबा निर्णायक ठरतो. एखाद्या वस्तीत एकवटलेली मते शहरभराच्या बेरजेत विरून जातात. मिल्क यांची मते कॅस्ट्रो परिसरात एकवटलेली होती. दरम्यान त्यांनी व्यापक आघाडी उभारली. कूर्स कंपनीच्या बिअरवर ट्रकचालकांच्या संघटनेने पुकारलेल्या बहिष्कारात समलिंगी मद्यगृहांना त्यांनी सामील करून घेतले आणि मोबदल्यात समलिंगी चालकांना काम देण्याची मागणी मान्य करून घेतली. १९७५ मध्ये सहा जागांसाठी झालेल्या निवडणुकीत ते सातवे आले. १९७६ मध्ये राज्य विधानसभेच्या उमेदवारीसाठी लढून ते आर्ट ॲग्नोस यांच्याकडून पराभूत झाले.

कलाटणी मिळाली ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. नागरी संघटनांनी पुढे आणलेला प्रभागनिहाय निवडणुकीचा प्रस्ताव मतदारांनी संमत केला आणि शहराचे अकरा प्रभाग झाले. ८ नोव्हेंबर १९७७ रोजी प्रभाग क्रमांक ५ मधून मिल्क विजयी झाले. सुमारे ३० टक्के मते त्यांना पुरली. उघडपणे समलिंगी असलेली आणि निवडून आलेली ती अमेरिकेतील पहिली व्यक्ती, असे अनेकदा लिहिले जाते; ते बरोबर नाही. १९७४ मध्येच ॲन आर्बर येथे कॅथी कोझाचेन्को आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेवर एलेन नोबल निवडून आल्या होत्या. मिल्क यांचे प्रथमत्व कॅलिफोर्नियापुरते आहे. अधिक महत्त्वाची बाब अशी, की त्याच निवडणुकीने एला हिल हच या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन महिलेला, चिनी वंशाच्या गॉर्डन लाउ यांना आणि माजी पोलीस व अग्निशमन कर्मचारी डॅन व्हाइट यांनाही सभागृहात आणले. ज्या पद्धतीने मिल्क यांना जागा मिळाली, तिनेच त्यांच्या मारेकऱ्यालाही दिली. दोघेही आपापल्या वस्तीचे प्रतिनिधी होते.

मिल्क यांची धोरणे या वस्तीकेंद्री दृष्टीतूनच आली. स्वस्त पाळणाघरे, मोफत सार्वजनिक वाहतूक, पोलिसांवर नागरिकांचे नियंत्रण आणि जमिनीच्या सट्टेबाजीवर कर या त्यांच्या मागण्या होत्या. कामाची जागा, निवारा व सार्वजनिक सुविधा यांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम १९७८ मध्ये संमत झाला. विरोधात एकटे व्हाइट होते. याच वर्षी मालकांनी आपल्या कुत्र्याची विष्ठा उचलावी असा नियमही मिल्क यांनी करून घेतला. चरित्रकथेत हा दुसरा नियम विनोदी विसावा म्हणून येतो. परंतु पदाच्या दृष्टीने दोन्ही नियम एकाच कोटीतले आहेत : पदपथावर निर्धास्तपणे चालता यावे ही मागणी दोहोंमागे आहे.

व्हाइट यांच्याशी आलेल्या दुराव्यालाही असाच स्थानिक धागा आहे. व्हाइट यांच्या प्रभागात मानसिक उपचारांची गरज असलेल्या किशोरवयीनांसाठी केंद्र उभारण्याच्या प्रस्तावाला मिल्क यांनी मत दिले आणि व्हाइट दुखावले. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा मार्ग खुला करू पाहणारा प्रस्ताव क्रमांक ६ राज्यभर नाकारला गेला. त्याविरुद्धच्या प्रचारात मिल्क अग्रभागी होते. तीनच दिवसांनी, वार्षिक ९,६०० डॉलरचे मानधन अपुरे असल्याचे सांगून व्हाइट यांनी राजीनामा दिला. नंतर त्यांनी पद परत मागितले, पण पुनर्नियुक्ती मिळाली नाही. २७ नोव्हेंबर रोजी त्यांनी महापौर जॉर्ज मॉस्कोनी व मिल्क यांची नगरभवनात गोळ्या घालून हत्या केली. मे १९७९ मध्ये व्हाइट यांना खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून सात वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि शहरात दंगल उसळली.

चरित्रकथा साधारणतः येथे थांबते. प्रभागांची कथा पुढे चालू राहते. १९८० मध्ये मतदारांनी प्रभागपद्धती रद्द केली, आणि २००० च्या निवडणुकीत ती पुन्हा अमलात आली. महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. २०१७ मध्ये पुण्यासह अनेक महानगरपालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते, तर मुंबईत एका प्रभागास एक नगरसेवक होता. प्रभाग विस्तारला की छोट्या वस्तीचे मत पातळ होते, हा युक्तिवाद त्या वादातही झाला. दोन्ही पद्धती सारख्या नाहीत. पण मतदारांच्या कोणत्या समूहाला ‘आपला’ प्रतिनिधी म्हणता येईल हे नकाशा ठरवतो, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. मिल्क यांची कथा केवळ बलिदानकथा म्हणून वाचली, तर १९७३ व १९७५ चे पराभव नायकाच्या चिकाटीची उदाहरणे ठरतात आणि १९७७ चा विजय त्या चिकाटीचे फळ. नकाशासह वाचली, तर त्या पराभवांत आणि त्या विजयात मतदारांच्या मोजणीची रीत बदललेली दिसते. तीच व्यक्ती, तीच वस्ती आणि बहुतांशी तेच समर्थक असताना निकाल वेगळा लागला. चरित्राचे भाषांतर वा रूपांतर करताना ‘सुपरवायझर’ या शब्दासाठी केवळ प्रतिशब्द शोधणे त्यामुळे पुरेसे होत नाही. त्या पदावर कोण, कोणाच्या मतांनी आणि किती मोठ्या हद्दीतून पोहोचतो, हेही वाचकापर्यंत पोहोचवावे लागते.