पुडीतलं मूळ नेमकं कुठलं?

जीवक तक्षशिलेत शिकत होता, तेव्हा गुरूंनी त्याला कुदळ देऊन सांगितलं, की नगरीभोवती योजनभर फीर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला. विहारात ऐकलेली ही कथा सांगून काही जण आम्हाला विचारतात, "झाडपाल्याचंच औषध, त्याने अपाय कसा होईल?" पण जीवकापुढे उभं झाड होतं. आपल्या हातात येते ती दळलेली पुडी.

चिनी वैद्यकात 'फांग-जी' नावाचं मूळ वापरतात. एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जात. हान फांग-जी म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा. ग्वांग फांग-जी म्हणजे अॅरिस्टोलोकिया फांगची, आणि हिच्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. हान फांग-जीचं चांगलं मूळ हाताला जड लागतं, मोडलं की आतून करडं-पांढरं, पिठूळ दिसतं. जाणकार ते पारखतो. भुकटी झाली की त्याचेही डोळे कामाचे नाहीत. मग प्रयोगशाळेत पाहावं लागतं: टेट्रांड्रिन हे द्रव्य आहे का, आणि ते घातक आम्ल नाही ना?

बेल्जियममध्ये ही तपासणी उशिरा झाली. १९९० नंतर ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने बिघडू लागली. गोळ्यांत हान फांग-जी असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात दुसरीच फांग-जी आली होती. शंभराहून अधिक जणींना बाधा झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, मूत्रपिंडं पूर्ण निकामी झालेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. औषध बंद करूनही कित्येक वर्षं उलटली होती! चीनने ग्वांग फांग-जीचा वापर २००४ मध्ये बंद केला.

हे दूरचं वाटेल. पण आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसण, याच कुळातली आहे आणि तिच्यातही हेच आम्ल असतं. साप चावला की तिचं मूळ उगाळून देतात. तसं करू नका, रुग्णाला तडक सरकारी रुग्णालयात न्या. सर्पविषावरची लस तिथे मिळते.

सांधेदुखी, साखर, वजन यांसाठी बाजारात किंवा दारावर मिळणारी बिनलेबलची पुडी घेऊ नका. डब्यावर घटकांची नावं, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि कारखान्याचा पत्ता पाहा. विकणारा "गुप्त नुस्खा आहे" म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. मूत्रपिंडाचा बिघाड सुरुवातीला दुखत नाही, म्हणून अशी पुडी आधीच बरेच दिवस घेतली असेल तर लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना उरलेली पुडी फेकू नका, सोबत न्या. ओरडतील म्हणून लपवूही नका.