लाकडी ओट्याचा पाया

वसई तालुक्यातील वाडीत फळ्यांचा ओटा ही निव्वळ चैनीची वस्तू नव्हे. फुलांच्या व भाजीच्या टोपल्या भरणे, केळीचे घड उतरून ठेवणे, राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घालणे, आणि दिवेलागणीस घरच्या माणसांनी घटकाभर टेकणे, अशी अनेक कामे त्यावर होतात. असा ओटा उभारताना बागाइतदार सागाच्या फळ्या पारखून घेतो. परंतु त्या फळ्या ज्यावर उभ्या राहावयाच्या, त्या पायाचा विचार बहुधा गवंड्यावर सोपवितो. ओटा पडतो तो मात्र पायातून पडतो, आणि तोही माणसे व माल वर असतानाच.

वालीव हे गाव तुंगारेश्वराच्या डोंगरांच्या पश्चिमेस आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड व सखल भागात चिकण, अशी जमिनीची जात थोड्या अंतरावर पालटते. त्यातच अलीकडच्या काळात कारखान्यांसाठी व चाळींसाठी अनेक खाचरांत भराव पडला आहे. येथील पाऊस वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक. जुलै २०१८ मध्ये तर वसई-विरार भागात कित्येक दिवस पाणी तुंबून राहिले होते. तेव्हा शेजाऱ्याच्या ओट्याचा पाया पाहून आपला पाया ठरविणे हितावह नाही. जागेवर गुडघाभर खड्डा घ्यावा. पहार मारताच खणखणीत मुरूम लागला तर काम सोपे झाले. चिकण माती लागल्यास खड्ड्यात पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी तसेच असेल तर तेथे निचरा नाही असे समजावे. भरावात विटांचे तुकडे, राडारोडा व माती सरमिसळ दिसते. असा भराव काही पावसाळे खचत राहतो. त्यावर पाया न घेता मूळ जमिनीपर्यंत खाली जावे, किंवा ओट्याची जागाच बदलावी. दुसरा उपाय स्वस्त पडतो.

खांब सरळ जमिनीत पुरण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तात्पुरत्या मांडवास ती योग्य आहे, ओट्यास नाही. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा ही दोन्ही लागतात. जमिनीच्या पातळीशी ती दोन्ही मिळतात. म्हणून पुरलेला खांब वर व खाली धड राहून नेमका तेथेच बारीक होत जातो. इटलीतील व्हेनिस शहराच्या इमारती शतकानुशतके लाकडी मेखांवर उभ्या आहेत, त्या मेखा पाण्याखालच्या गाळात हवेपासून दूर राहिल्या म्हणून. वालीवची जमीन मात्र चार महिने ओली व आठ महिने कोरडी.

आपल्या जुन्या सुतारांस हे ठाऊक होते. वाड्यांचे लाकडी खांब ते दगडी तळखड्यावर उभे करीत. पुण्याच्या शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. त्यांची दगडी जोती आजही पाहावयास मिळतात. लाकूड वर आणि दगड खाली, ही विभागणी ओट्यासही लागू आहे.

मात्र नुसते दगड जमिनीवर मांडून भागत नाही. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद ओटा घेऊ. माणसे, माल व लाकूड मिळून चौरस मीटरला ३५० किलो धरल्यास एकूण भार ४,२०० किलो होतो. तीन-तीनच्या तीन ओळींत नऊ खांब असतील तर हा भार नऊ ठिकाणी सारखा वाटला जातो असा समज आहे. तो चुकीचा आहे. मधल्या खांबावर सुमारे १,०५० किलो, कडेच्या प्रत्येकावर ५२५ आणि कोपऱ्यातल्या प्रत्येकावर जेमतेम २६० किलो येतात. सर्वांखाली सारखाच लहान दगड दिल्यास मधला खांब आधी खचतो व फळ्या मधोमध वाकतात. मऊ, ओल्या चिकण मातीवर चौरस मीटरला ५ टनांपेक्षा अधिक भार टाकू नये. या हिशेबाने मधल्या खांबाखाली अर्धा मीटर चौरस बूड हवे. कडेस ३५ व कोपऱ्यास ३० सेंटिमीटर पुरे. कठीण मुरमावर याहून लहान बूड चालते.

खड्डा पोकळ माती संपेपर्यंत न्यावा. तळाशी मुरूम व खडी थरांनी, पाणी मारून धुमसावी. त्यावर काळ्या दगडाचा तळखडा किंवा काँक्रीटचा ठोकळा बसवावा. त्याचा माथा जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर ठेवावा व पाणी निथळेल असा किंचित उतरता करावा. खांबाचे बूड पाणी शोषते. म्हणून दगड व लाकूड यांत डांबरी कागद घालावा. खांब जागचा हलू नये यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या वापराव्या. साधे लोखंड या खाऱ्या हवेत लवकर गंजते.

चारही बाजूंनी भिंत बांधून आत माती भरण्याची हौस काहींना असते. लाकडी ओट्याखाली ती नको. त्यामुळे पावसाचे पाणी अडते, फळ्यांना खालून हवा लागत नाही आणि वाळवीस झाकलेली वाट मिळते. मोकळ्या ठोकळ्यावर वाळवी मातीची नळी बांधीतच वर चढते. ती दिसते व खरवडून टाकता येते. पूर्वी वाळवीसाठी आल्ड्रिन वापरीत. त्यावर आता देशात बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केल्यास घेऊ नये.

काम उन्हाळ्यात पुरे करावे. पहिला पावसाळा सरल्यावर पाणसळ लावून प्रत्येक खांब तपासावा. एखादा खचला असल्यास तुळई टेकूने उचलून खांबाखाली दगडाची पातळ चीप सारता येते. हे काम दोन माणसांचे व एका सकाळचे आहे.