घरचं कॉकपिट : खटके, तारा आणि एक भूत

"सर, पिटॉट हीटचा खटका बंद आहे, तरी संगणक तो चालू दाखवतोय."

दहावीतल्या एका मुलाने सुट्टीत प्लायवुडच्या तुकड्यावर १६ खटके बसवून सेसना १७२ या छोट्या विमानाचं पॅनल तयार केलं होतं. मी शिक्षकी उत्तर दिलं, "सोल्डरिंग कच्चं असेल, पुन्हा कर." त्याने बिचाऱ्याने दोन वेळा केलं. चूक त्याची नव्हतीच, हे मला नंतर कळलं. म्हणून हा लेख.

फ्लाइटगिअरसारखं विमान उडवण्याचं मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालतं. पण माउसने पडद्यावरचे खटके दाबण्यात मजा नाही, म्हणून मुलांना खरे खटके हवे असतात. (ही हौस जुनीच. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांच्या सरावासाठी यंत्र बनवलं, तेव्हा वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरले होते. आपल्या पेटीच्या भात्याचेच भाऊबंद!)

आता, संगणकाला खटका थेट कळत नाही. त्याला कळतो यूएसबीच्या तारेतून आलेला संदेश. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो, तो म्हणजे अर्डुइनोचा बोर्ड. पालकांनी घेताना एवढं बघावं : लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या बोर्डांवर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते आणि ती संगणकाला "मी जॉयस्टिक आहे" असं स्वतःच सांगू शकते. शाळेच्या प्रयोगशाळेत दिसणाऱ्या ऊनोला हे सरळ जमत नाही.

थ्रॉटल सोपा आहे. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घ्यायचा, एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला आणि मधला पाय बोर्डाच्या अॅनालॉग पिनला. दांडा फिरवला की मधल्या पायावरचं विभवांतर बदलतं आणि बोर्ड ते ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो. वर्गात रोधांची एकसर जोडणी शिकवतो, तीच ही.

खटक्यांची गोष्ट मात्र गुंतागुंतीची. प्रो मायक्रोला वापरता येतील अशा पिना १८. एका खटक्याला एक पिन दिली तर १६ खटक्यांतच सगळं संपतं. म्हणून ४ आडव्या आणि ४ उभ्या तारांची जाळी करतात. जिथे आडवी आणि उभी तार एकमेकींना ओलांडतात तिथे एक खटका. ८ पिनांत १६ खटके! बोर्ड एकेक आडवी तार क्रमाने ० व्होल्टला नेतो आणि कोणती उभी तार तिच्याबरोबर खाली आली ते पाहतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. हजेरी घेतल्यासारखंच, एकेका बाकाची.

भूत शिरतं ते इथेच. समजा पहिल्या आडव्या तारेवर लँडिंग लाइट आणि टॅक्सी लाइट आहेत. दुसऱ्या आडव्या तारेवर, त्यांच्या बरोबर खाली, अनुक्रमे नॅव्ह लाइट आणि पिटॉट हीट. पहिले तीन चालू, पिटॉट बंद. बोर्ड दुसऱ्या तारेची हजेरी घेतो. प्रवाह दुसऱ्या उभ्या तारेतून टॅक्सी लाइटच्या खटक्यात जातो, तिथून पहिल्या आडव्या तारेवर, मग लँडिंग लाइटच्या खटक्यातून उलटा पहिल्या उभ्या तारेवर आणि नॅव्ह लाइटमधून दुसऱ्या आडव्या तारेवर पोहोचतो. वाट पूर्ण! बोर्डाला वाटतं, पिटॉटही चालू आहे. गैरहजर मुलाची हजेरी मित्राने दिली, तसं.

कीबोर्डमध्येही अशीच जाळी असते, पण तिथे बोट उचललं की कळ सुटते. कॉकपिटचे खटके चालू केले की चालूच राहतात, त्यामुळे चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी चालू असणं ही नेहमीचीच गोष्ट. विमान आकाशात असताना तर अर्धं पॅनल चालू असतं. सोल्डरिंग कितीही सुंदर केलं तरी हे भूत जाणार नाही.

उतारा स्वस्त आहे : प्रत्येक खटक्याला एकसर एक डायोड, १एन४१४८ क्रमांकाचा. डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. आपण तो उभ्या तारेकडून आडव्या तारेकडे जाऊ द्यायचा, म्हणजे डायोडवरचा काळा पट्टा आडव्या तारेच्या बाजूला. लँडिंग लाइटमधून प्रवाहाला उलटं जायचं होतं ना? तिथेच तो अडतो. अकरावी-बारावीच्या पुस्तकात डायोडचा आलेख काढून आपण मोकळे होतो. त्याचं काम बघायचं तर असं पॅनल हवं.

हे सगळं यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतं, त्यामुळे शॉकची भीती नाही. सोल्डरिंगची इस्त्री मात्र चांगलीच भाजते, आणि शिसं असलेली तार हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत.

त्या मुलाने १६ डायोड लावले. पिटॉट हीट गप्प झाला. पण बीकनचा खटका काही केल्या चालूच होईना. या वेळी मी सोल्डरिंगबद्दल काही बोललो नाही, आधी मल्टिमीटर मागितला. एक डायोड उलटा बसला होता.